अल्बममधली व्हायोलिने नेमकी कोणाची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘द मूडी ब्लूज’ या ब्रिटिश बँडच्या ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ या १९६७ सालच्या अल्बमवरील लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या (शास्त्रीय संगीताची मांडणी रॉकमध्ये आणणाऱ्या शैलीच्या) आरंभकाळाविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही, त्यामुळे लेख पाहूनच आनंद झाला. मात्र बँड आणि मोठा वाद्यवृंद एकत्र बसून, एकमेकांच्या साथीने वाजवत गेले आणि त्यातून हा अल्बम उभा राहिला, असा जो समज लेखातून होतो, तो वस्तुस्थितीला धरून नाही.

बँडने आपली गाणी लंडनमधील वेस्ट हॅम्पस्टेड येथील डेक्का या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या स्टुडिओत आधी ध्वनिमुद्रित केली. त्या गाण्यांतील सुरावटी घेऊन पीटर नाइट यांनी वाद्यवृंदासाठी जोडतुकडे रचले, त्यांचे संचालन केले आणि ते तुकडे स्वतंत्रपणे मुद्रित होऊन गाण्यांच्या मध्ये बसवले गेले. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस हे अल्बमचे सूत्र. ते अखंड वाटते याचे कारण गाणे विरता विरता वाद्यवृंद अलगद वर येतो आणि तो ओसरताना पुढचे गाणे सुरू होते. दोघे एकाच वेळी वाजत आहेत अशा जागा मात्र फार थोड्या आहेत. दुपारच्या सुटीवरचे ‘पीक अवर’ हे गाणे तर निव्वळ बँडचे, धावते रॉक आहे. मुखपृष्ठावर ज्याचे नाव आहे तो ‘लंडन फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रा’ हाही बँडचा कायमचा सहकारी नव्हता. डेक्का आपल्या ध्वनिमुद्रणांसाठी जमवलेल्या वादकसंचाला हे नाव देत असे.

मग गाण्यांच्या आत जी व्हायोलिने ऐकू येतात, ती कोणाची? ती बहुतांशी बँडचे कीबोर्डवादक माइक पिंडर यांच्या मेलोट्रॉनची आहेत, आणि या वाद्याचा लेखात उल्लेखही नाही याचे मला सर्वाधिक आश्चर्य वाटले. मेलोट्रॉन दिसायला ऑर्गनसारखा असला, तरी त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एकेक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या वादकांनी वाजवलेला एकेक स्वर साठवलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकू लागते व स्वर उमटतो. बोट उचलले की स्प्रिंग फितीला मागे खेचते. फीत जेमतेम आठ सेकंदांची, त्यामुळे स्वर हवा तितका लांबवता येत नाही आणि वादकाला सतत पुढच्या स्वराची तजवीज करत राहावे लागते. शिवाय फितीची गती किंचित हलली की स्वरही हलतो. पिंडर यांनी बर्मिंगहॅमजवळ हे वाद्य बनवणाऱ्या कारखान्यात पूर्वी काम केले होते, त्यामुळे त्याच्या खोडी त्यांना पुरेपूर ठाऊक होत्या. ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’ हेडफोन लावून ऐकावे. जस्टिन हेवर्ड यांच्या आवाजामागे जी तंतुवाद्ये दाटून येतात, ती थोडी धूसर, थोडी थरथरती आहेत. रे थॉमस यांची बासरी मात्र स्वच्छ, समोर बसून वाजवल्यासारखी येते. खरा वाद्यवृंद अगदी शेवटाकडे अवतरतो आणि तेव्हा ध्वनीचा पोत कसा पालटतो, हे संगीताचे शिक्षण नसलेल्या माझ्यासारख्या श्रोत्यालाही कळते.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकार ड्वोर्झाक यांच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीची रॉक आवृत्ती करण्याचे काम डेक्काने बँडला दिले आणि बँडने गुपचूप स्वतःची गाणी मुद्रित केली, ही कथा लेखात निर्विवाद म्हणून आली आहे. बँडच्या सदस्यांनी ती अनेकदा सांगितली हे खरे. पण ध्वनिमुद्रक डेरेक व्हार्नल्स यांनी ती नंतर अमान्य केली आहे. कंपनीला आपल्या नव्या स्टीरिओ तंत्राची जाहिरात करायची होती, एवढे मात्र पक्के.

हे सारे लिहिण्यात अल्बमला कमी लेखण्याचा हेतू नाही. उलट मला तो त्याच्या सांध्यांसकट आवडतो. नाइट यांची रचना कधी कधी फार गोड होते, आरंभीचा तुकडा तर एखाद्या जुन्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीसारखा वाटतो. तरीही ज्यांच्या संगीताची जातकुळीच वेगळी, अशा पाच तरुणांच्या चाली उचलून त्यांतून दिवसभराचा धागा ओवणे हे कसबाचे काम होते. ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’ अमेरिकेत १९७२ साली, म्हणजे तब्बल पाच वर्षांनी लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले, तेव्हा ते ऐकणाऱ्या कित्येकांनी पिंडर यांच्या फितींनाच वाद्यवृंद मानले असेल. त्यांचे काय चुकले? त्यांच्यापुढे फक्त ध्वनी होता. लेखकापुढे मात्र मुखपृष्ठही होते, आणि त्यावर संचालक म्हणून पीटर नाइट यांचे नाव स्पष्ट छापलेले आहे.

लेखासोबतच्या चौकटीत पाचही सदस्यांची नावे व छायाचित्रे आहेत, ती योग्यच. पुढील रविवारी त्याच जागी दोन ओळींची पुरवणी देऊन संयोजक पीटर नाइट, निर्माते टोनी क्लार्क आणि ध्वनिमुद्रक डेरेक व्हार्नल्स यांची नावे द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे