पंच क्रमांक एकचं म्हणणं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर ‘तक्रारदार फितूर, तरी लाचखोर फौजदाराला चार वर्षे सक्तमजुरी’ अशी बातमी आली. त्यात ‘सरकारी पंच क्रमांक एक याची साक्ष महत्त्वाची ठरली’ असं एक वाक्य आहे. तो पंच मी. पाटबंधारे खात्यात अनुरेखक, म्हणजे नकाशे काढणारा, होतो, २०१९ ला निवृत्त झालो. पाठ थोपटून घ्यायला हे लिहीत नाही. बातमीतले दोन शब्द मला खटकले, आणि एक आकडा.

आधी हे सांगतो की मी हौसेने पंच झालो नाही. जुलै २०१५ मध्ये आमच्या कार्यालयात पत्र आलं, ‘गोपनीय कामासाठी दोन कर्मचारी पाठवावेत.’ असं पत्र कुठून आलंय ते बघितलं की कार्यालय रिकामं व्हायला लागतं. कोणाला साइटवर जायचं असतं, कोणाची सासू आजारी पडते. मीही शुगरचं कारण पुढे केलं. साहेब म्हणाले, डबा घेऊन जा.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कार्यालयात तो बसला होता. तिशीचा, दुधाचे कॅन वाहणारा टेम्पोवाला. टेम्पो एका मोटारसायकलला घासला म्हणून महामार्गालगतच्या पोलीस ठाण्याच्या आवारात उभा होता. कोर्टाने तो सुपुर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत मालकाच्या ताब्यात, सोडायचा आदेश दिला होता. तो आदेश प्लास्टिकच्या पिशवीत घालून गडी चार दिवस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होता आणि सहायक फौजदार दहा हजार मागत होता. कोर्टाचा कागद हातात असताना!

पहिल्या दिवशी पडताळणी, म्हणजे लाच खरंच मागितली जाते का ते बघणं. त्याच्या खिशात रेकॉर्डर, शेजारी मी, त्याचा मामा म्हणून. त्याने हात जोडले, दूध नासतंय म्हणाला, बायको बाळंतपणाला आलीय म्हणाला. फौजदार शेवटी बोलला, ‘तुझं तोंड बघून चार कमी केले.’ यालाच आपल्या बातमीत ‘तडजोडीअंती रक्कम ठरली’ असं म्हणतात. तडजोड बांधावरून होते, सोयरिकीत होते, दोन्ही बाजूंना थोडं थोडं सोडावं लागतं तिथे होते. त्या खोलीत मी कसलीही तडजोड पाहिली नाही. सगळ्याच वर्तमानपत्रांत हा शब्द इतका रुळलाय की लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला तो टोचत नाही.

दुसऱ्या दिवशी सापळा. पाचशेच्या बारा नोटा, त्याच्या बायकोच्या भिशीच्या. प्रत्येकीचा क्रमांक मी वाचला, हवालदाराने लिहिला. मग नोटांना अँथ्रासीन पावडर लावली. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. खोलीत अंधार करून अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला की निळसर चमकते. ती घडी त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि बजावलं, साहेबाने मागितल्याशिवाय हात लावायचा नाही. पैसे घेतले की डोक्यावरची टोपी काढायची, हा इशारा.

ठाण्यात फौजदाराने ‘आणलं का?’ एवढंच विचारलं. नोटा घेतल्या, अंगठ्याला थुंकी लावून मोजल्या आणि रजिस्टरच्या पानांत सरकवल्या. याची टोपी निघाली. पथक आत आलं, खिडक्या लावल्या, दिवा धरला. उजवा अंगठा चमकला, तर्जनी चमकली. मग अधिकाऱ्याने दिवा जरा वर नेला. खालच्या ओठावर, बरोबर मधोमध, निळसर ठिपका. तीस वर्षं नकाशे काढले, पण तो ठिपका जसा लक्षात राहिला तसं धरणसुद्धा राहिलं नाही.

इथवर सगळं चोख. पुढचं मात्र तारखांचं गाठोडं. खटला चालवायला मंजुरी मिळून दोषारोपपत्र गेलं २०१७ मध्ये. फौजदार निलंबित होता, तो पुन्हा कामावर घेतला गेला, शेजारच्याच ठाण्यात. मला सात वेळा समन्स आलं, सहा वेळा ‘पुढची तारीख’. मधे करोना. साक्ष झाली ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे सापळ्यानंतर सात वर्षांनी. लाखेचं सील फोडून पाकीट उघडलं तर आत जुन्या पाचशेच्या नोटा, २०१६ च्या नोव्हेंबरात बाद झालेल्या. शिपाई हळूच म्हणाला, ‘साहेब, ह्या तर आता लाच म्हणून पण कोणी घेणार नाही.’ न्यायाधीशही क्षणभर हसले.

बचावाच्या वकिलांनी मला दोन तास उभं केलं. पैसे टेबलावर टाकून तो पळाला होता ना? हस्तांदोलन करताना पावडर लागली असेल ना? मी म्हटलं, हस्तांदोलन ओठाने करत नाहीत. (हे वाक्य मी घरून पाठ करून गेलो होतो, कबूल करतो.)

माझ्या आधी टेम्पोवाल्याची साक्ष झाली. ‘सही माझी आहे. आत काय लिहिलंय माहीत नाही. पैसे कोणी मागितले आठवत नाही.’ सरकारी वकिलांनी त्याला फितूर घोषित केलं. कोर्टाच्या भाषेत तो शब्द ठीक आहे. पण वर्तमानपत्रात मथळ्यावर ‘फितूर’ छापलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे गडाचा दरवाजा रात्री आतून उघडणारा येतो. त्याने किती घेतले असतील, अशी चर्चा आमच्या कट्ट्यावर मी स्वतः ऐकली.

त्याने काय घेतलं ते मी सांगतो. सात वर्षांत त्याचा टेम्पो त्या पट्ट्यात इतक्या वेळा अडवला गेला की त्याने मोजणं सोडलं. कधी टेललाइट, कधी ताडपत्री, कधी नुसतंच ‘बाजूला घे’. दूध पोचायला उशीर होतो म्हणून डेअरीने काम काढून घेतलं. हे त्याने मला कोर्टाबाहेरच्या टपरीवर सांगितलं. चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. ‘काका, तुम्ही बोललात ते बरं झालं. तुम्हाला रोज त्या नाक्यावरनं जायचं नाही.’ माझ्याकडे पेन्शन होती, गाडी नव्हती. एवढाच आमच्यातला फरक.

साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मान्यता दिली आहे. पण त्या योजनेत साक्षीदाराला धोका किती याचा अहवाल कोण देतो? त्या भागाचा पोलीस उपविभागीय अधिकारी. आरोपीच पोलीस असेल तर टेम्पोवाल्याने कोणत्या तोंडाने अर्ज करायचा? त्याच वर्षी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली. खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करावा, मुदतवाढ धरूनही साधारणपणे चार वर्षांच्या पुढे जाऊ नये, असं त्यात घातलं. आमचा खटला त्याआधीचा, म्हणून ती ओळ त्याच्या कामी आली नाही. तो दोन वर्षांत साक्षीला उभा राहिला असता तर खणखणीत बोलला असता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पडताळणीच्या दिवशी त्याचा आवाज मी ऐकलाय, रेकॉर्डरमध्येही आहे.

शिक्षा झाली ती डिसेंबर २०२२ च्या नीरज दत्ता निकालाच्या आधारावर. तक्रारदार फितूर झाला किंवा मेला तरी इतर पुराव्यांवरून लाचेची मागणी आणि स्वीकार सिद्ध करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यात म्हटलं. निकाल चांगला आहे. अपिलात काय व्हायचं ते होईल; फौजदार मधल्या काळात निवृत्तही झाला. पण त्या निकालामुळे आता टेम्पोवाला नसला तरी चालेल असं जर कोणाला वाटत असेल, तर लाचेच्या तक्रारीसाठीच्या १०६४ या क्रमांकावर पहिला फोन कोण करणार? मी नाही केला कधी. पासपोर्टच्या चौकशीला घरी आलेल्या पोलिसाला मी मुकाट्याने तीनशे रुपये दिले होते, १९९८ साली, बायकोसमोर.

तेव्हा पुढच्या बातमीत ‘फितूर’च्या जागी निदान ‘साक्ष फिरवली’ लिहा, आणि का फिरवली हे विचारायला एखादा वार्ताहर पाठवा. आणखी एक दुरुस्ती छापावी. बातमीत लाचेची रक्कम पाच हजार दिली आहे. ती सहा हजार होती. पाचशेच्या बारा नोटा, क्रमांक पंचनाम्यात आहेत, मी वाचलेले.

आपला,
एक निवृत्त अनुरेखक
(नाव व पत्ता संपादकांकडे)