बांबोळीचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर का नकोत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टेलिमेडिसीनचं, म्हणजे फोन-व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेण्याचं, कौतुक पेपरात अधूनमधून वाचायला मिळतं, ई-संजीवनी या सरकारी सेवेवर इतके कोटी पेशंट झाले वगैरे (१० कोटींचा टप्पा तर २०२३ च्या फेब्रुवारीतच झाला होता), आणि ते काही खोटं नाहीये. आमच्याकडे उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम स्वतः कॉल लावून डॉक्टरांशी बोलणं करून देतात, सर्दी-ताप, बीपी, अंगावरचं खाज-पुरळ यासाठी चांगलं चाललंय. पण आम्ही पडलो सिंधुदुर्गातले, गोव्याच्या हद्दीवरचे दोडामार्गवाले, आमचं दुखणं जरा वेगळंय. आमचे मोठे डॉक्टर गोव्यात बसतात आणि हा कॉल गोव्यात जात नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, दोडामार्गहून आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी म्हणजे ओरोसला जायचं तर अर्धा जिल्हा तुडवावा लागतो आणि गोव्यातलं डिचोली, म्हापसा इथल्या इथे. त्यामुळे हार्ट असो, अ‍ॅक्सिडेंट असो नाहीतर अडलेली बाळंतीण, गाडी आपोआप गोव्याकडे वळते, म्हापशाला नाहीतर थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात. ओरोसला आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, चांगली गोष्ट आहे, पण हार्ट-मेंदूचे स्पेशालिस्ट कॉलेजचा बोर्ड लागला म्हणून दुसऱ्या दिवशी येत नसतात.

आमची आई हार्ट पेशंट. तपासणी, रिपोर्ट सगळं गोव्यात झालं, डॉक्टर खरंच चांगले, समजावून सांगतात, तक्रार काहीच नाही. पण फॉलोअपला काय होतं, तर पहाटे उठून गाडी पकडायची, केसपेपरच्या लाइनीत उभं राहायचं, मग ओपीडीच्या लाइनीत, आणि आत गेल्यावर डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघतात, बीपी बघतात, एक गोळी अर्धी करतात आणि म्हणतात तीन महिन्यांनी या. संपलं. ती आता सरळ म्हणते, "बरा वाटता मा, मगे कित्याक जावचा?" आणि मग गोळ्या तशाच जुन्या चालू राहतात. आता हे रक्त आणि ईसीजी दोडामार्गच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतं, बीपी उपकेंद्रात बघता येतं, राहिलं काय तर डॉक्टरांनी रिपोर्ट बघून दोन वाक्यं बोलायची.

आणि गंमत म्हणजे कायदा याच्या आड येत नाहीच. २५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसीनची गाइडलाइन काढली. त्यात स्पष्ट लिहिलंय की रजिस्टर्ड डॉक्टर भारतातल्या कुठल्याही भागातल्या पेशंटला सल्ला देऊ शकतो. एकदा समोरासमोर तपासलं असेल तर त्याच आजारासाठी, त्याच डॉक्टरकडे, सहा महिन्यांच्या आतला कॉल फॉलोअप धरला जातो. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तरी चालतो. चूक झालीच तर तक्रार डॉक्टर ज्या मेडिकल कौन्सिलकडे रजिस्टर्ड त्यांच्याकडे.

अमेरिकेत याच्या उलट आहे. पेशंट ज्या राज्यात बसलाय त्या राज्याचं लायसन डॉक्टरकडे पाहिजे म्हणे. कोविडमध्ये सूट होती, नंतर बऱ्याच राज्यांनी ती काढून घेतली, मग लोक गाडी घेऊन हद्द ओलांडायचे आणि पलीकडच्या पार्किंगमध्ये बसून आपल्याच डॉक्टरशी व्हिडिओवर बोलायचे! २०१७ पासून तिथे काही राज्यांच्या आपसातल्या करारावर लायसन लवकर मिळतं, पण घ्यायचं प्रत्येक राज्याचं वेगळंच. तिथे लायसन आड येतं. आपल्याकडे लायसनची भानगड नाही तर सरकारी यंत्रणाच राज्याराज्यात वाटून टाकलीय, उपकेंद्राचा कॉल आपल्याच राज्यातल्या डॉक्टरकडे, आपल्याच राज्याच्या रांगेत. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे तो प्रायव्हेट अ‍ॅपवरून बेंगळुरूच्या डॉक्टरशी बोलणार, आणि फुकटच्या सरकारी कॉलवर अवलंबून असलेल्या माणसाला तासाभरावरचा स्वतःचा डॉक्टर दिसणार नाही. हे काय लॉजिक झालं?

बरं, महाराष्ट्र आणि गोवा मिळून काही करतच नाहीत असंही नाही. मोबाइल कंपन्यांना दोन्हीचं एकच सर्कल. हायकोर्ट एकच, मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ गोव्यात आहे. आमच्या तिलारीचं धरण दोघांनी मिळून बांधलं, पाणी कालव्याने गोव्यात जातं, त्याला कोणी रहिवासी दाखला विचारत नाही. आणि महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना महात्मा फुले आरोग्य योजना देण्याचं ठरवलं, त्यावर केवढा गदारोळ झाला. तिथे भांडण होतं, कोर्टात दावा आहे. इथे गोव्याशी कसलं भांडणही नाही, मग नुसता एक कॉल जोडायला काय अडचण आहे?

गोव्याची बाजूही मला समजते. १ जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत गोव्याबाहेरच्या पेशंटना फी लागली तेव्हा इथे दोडामार्गात मोठं आंदोलन झालं, मीही त्यात होतो, घोषणा दिल्या. त्यांचं म्हणणं होतं की बाहेरच्यांच्या गर्दीने आमच्याच लोकांना जागा पुरत नाही, आणि बांबोळीची ओपीडी सकाळी ज्याने पाहिलीय तो ते नाकारणार नाही. पण म्हणूनच तर म्हणतो, फॉलोअपवाले घरी थांबले तर ती लाइन त्यांचीच कमी होईल. डॉक्टरांचा वेळ जातो त्याचे पैसे महाराष्ट्राने द्यावेत, प्रत्येक कॉलमागे ठरवून. फुकट कोणी मागत नाहीये.

सुरुवात छोटी करा. दोडामार्ग आणि बांदा-सावंतवाडी पट्ट्यातली आरोग्य केंद्रं घ्या, फक्त हार्ट, फिट्स (आकडी), शुगर आणि कॅन्सरचे जुने पेशंट घ्या, पहिली तपासणी गोव्यात समोरासमोरच झालेली असली पाहिजे, आणि गोमेकॉतल्या डॉक्टरांना आठवड्यातली एक दुपार ठरवून द्या. चिठ्ठी त्यांची, औषधं आमच्या केंद्रातून. त्यासाठी केंद्रातल्या फार्मासिस्टला लेखी आदेश लागेल की गोव्याच्या रजिस्ट्रेशन नंबरची चिठ्ठीही चालते, नाहीतर सगळं जमून येईल आणि शेवटी "हा नंबर आपल्याकडचा नाही" म्हणून माणूस खिडकीवरून परत येईल. हा आदेश काढायला गोव्याची परवानगीसुद्धा लागत नाही, मुंबईत बसून निघू शकतो. आमच्या आमदार-खासदारांनी निदान एवढं तरी आरोग्यमंत्र्यांच्या कानावर घालावं.

– एक वाचक, ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग