जिराफाची मान आणि रविवारची ओहोटी

प्रिय मनू,

परवा फोन आधी कुणी ठेवला, तू की मी, यावर बाबांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. त्यांच्या मते मीच. असेल. ५० पैकी १९ ऐकल्यावर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. आणि त्यावर तू जे म्हणालीस, ते मात्र खरं होतं: "तुझ्या त्या जिराफानेच माझे मार्क घालवले, आई."

रविवारच्या तुमच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या फील्ड वर्कबद्दल या पत्रात मी काही लिहिणार नाही. तसं ठरवूनच बसले आहे.

उत्तरपत्रिकेचा फोटो मोठा करून पाहिला. 'उंच फांद्यांवरची पानं खाण्यासाठी जिराफांनी मान ताणली आणि ती पिढ्यान्पिढ्या लांब होत गेली.' शेजारी लाल शाईत एकच शब्द, 'लामार्क?', म्हणजे प्रयत्नाने झालेला बदल पिल्लांत उतरतो असं म्हणणारा तो जुना शास्त्रज्ञ. ते वाक्य माझंच आहे ग. तू चार वर्षांची होतीस, तापाने फणफणलेली, आणि सलग तीन रात्री तुला तीच गोष्ट हवी होती. छोटा जिराफ रोज थोडी थोडी मान ताणतो आणि एक दिवस त्याला वरचं पान मिळतं. मला एवढंच सांगायचं होतं की प्रयत्न सोडू नये. वर्गातही मी हेच सांगत आले. किती पोरांच्या डोक्यात तो जिराफ घालून ठेवलाय, देव जाणे.

म्हणून बाबांकडून तुझ्या उत्क्रांतीच्या धड्यांचे प्रिंट काढून घेतले आणि चार दिवस तेच वाचतेय. १९७७ साली गालापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर पाऊस जवळपास पडलाच नाही. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ पासून तिथले फिंच पक्षी पकडून, त्यांच्या पायांत कड्या अडकवून, चोची मोजत होतं. बारीक बिया संपल्या. उरलं ते गोखरूच्या जातभाईचं टणक, काटेरी बी. मध्यम आकाराचे भू-फिंच १,२०० च्या आसपास होते, ते १८० वर आले. उरले ते बहुतेक जाड चोचीचे, कारण ते बी फोडणं त्यांनाच जमत होतं. पुढची पिल्लं झाली ती यांची, म्हणून त्या पिढीच्या चोची सरासरीने जाड. एकाही पक्ष्याची चोच त्या दुष्काळात वाढली नव्हती. मेलेल्यांनी काय प्रयत्न केले नसतील? केलेच असणार. हे वाचून मी पानं मिटून बाजूला ठेवली आणि जरा गॅलरीत जाऊन उभी राहिले.

नंतर १९८३ चा तो मुसळधार पाऊस, बारीक बियांचं रान माजलं आणि पारडं पुन्हा लहान चोचींकडे झुकलं. म्हणजे 'प्रगती' बिगती काही नाहीच. त्या त्या वर्षीच्या बियांचा हिशोब.

आता एक सांगते, शाळेतल्या बाईंची सवय जात नाही म्हणून. लिहून झालेल्या उत्तरातला 'साठी' शोध आणि खोड. आपली भाषाच असा घात करते. 'शत्रूपासून वाचण्यासाठी रंग बदलला', 'थंडीत टिकण्यासाठी केस वाढले', हे आपण सहज बोलून जातो आणि परीक्षकाला वाटतं की पोरीला काहीच कळलेलं नाही. आधी वेगळेपण होतंच, त्यातलं काही आनुवंशिक होतं, त्यामुळे काहींची पिल्लं जास्त जगली. या क्रमाने लिही. बदलतो तो अख्खा समूह, एकटा जीव बदलत नाही. वंशवृक्षाच्या प्रश्नात टोकाला कोण आहे हे बघत बसू नकोस, फांद्या कुठे जुळतात ते बघ. आणि हार्डी-वाइनबर्गला, समूहातल्या जनुकांच्या प्रमाणाच्या त्या सूत्राला, तू घाबरावंस हे मला मुळीच पटलेलं नाही. ते आपलं (अ + ब)² च आहे ग, सातवीत पाढ्यासारखं म्हणायचीस ते. डोळ्यांना वेगळा ओळखू येतो तो फक्त क्यू-वर्ग, म्हणजे त्यातला ब², दोन्हीकडून अप्रभावी जनुक मिळालेल्यांचं प्रमाण. आधी त्याचं वर्गमूळ काढ, मग बाकीचं आपोआप सुटतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून काही होत नाही, सकाळी उठून...

झालं, सुरू झाले मी. बाबा म्हणाले होते, पत्रात तरी तिला शिकवू नकोस. चुकलं. वरचा परिच्छेद नको असेल तर सोडून दे. 'साठी'चं तेवढं लक्षात ठेव.

खरं तर त्या सगळ्या वाचनात मला सर्वांत जवळचा वाटला तो डार्विनचा बाप. १८३१ साली पोरगा बावीस वर्षांचा. डॉक्टरकी अर्धवट सोडून आलेला, किडे-भुंगे गोळा करत हिंडणारा, आणि आता म्हणतो की जहाजावरून जगभर जातो. बापाने नाही म्हणून सांगितलं. वर असंही म्हणाला, की शहाणा म्हणावा असा एक तरी माणूस तुला जा म्हणत असेल तर दाखव, मग परवानगी देतो. पोराने मामाला पुढे केलं. मामा चांगला होता म्हणून पुढचं सगळं घडलं. पुस्तकं त्या बापाला एका ओळीत उरकतात. त्याला वाटलं असेल की पोरगा वाया जाणार. मला वाटतं, त्याला पाण्याची भीती वाटली असेल. पोरगा पाच वर्षं समुद्रावर असताना त्या घरात काय चाललं असेल, ते कुणी लिहिलं असेल तर मला पाठव.

बघ, आलंच ते. तुला पोहायला शिकवलं नाही हा निर्णय माझा होता, बाबांचा नाही. त्यांना दोष देऊ नकोस. नंदूमामाला तू पाहिलेलं नाहीस. त्या दिवशीही पाणी शांतच होतं. पण तुम्ही फक्त खडकावर असणार, चौकट टाकून आतले जीव मोजणार, सोबत वीसजण आणि शिक्षक. हे मला कळतं. मी फक्त म्हणते.

तुम्ही तिथे बार्नॅकल मोजणार म्हणालीस, म्हणून तेही वाचलं. काय प्राणी आहे! लहानपणी पाण्यात पोहत हिंडतो, मग एक दिवस खडकाला डोकं चिकटवतो ते कायमचं, आणि उरलेलं आयुष्य कवचातून पाय बाहेर काढून पायांनीच खातो. सोफ्यावरून डोकं खाली सोडून, पाय भिंतीला लावून तू तासन्‌तास वाचायचीस, ते आठवलं. डार्विनने यांच्यावर आठ वर्षं घालवली, १८४६ ते १८५४. त्याच्या पोरांपैकी एकाने म्हणे शेजारच्या माणसाबद्दल विचारलं होतं, 'ते त्यांचे बार्नॅकल कुठे करतात?' सगळ्यांचे बाप हेच काम करतात अशी त्याची समजूत. मला इतकं हसू आलं. तूही लहान असताना विचारायचीस, सगळ्यांच्या आया रात्री वह्या तपासतात का.

रॉबर्ट पेनचा प्रयोग तुमच्या अभ्यासात असेलच. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर, १९६३ पासून, हा माणूस एका पट्ट्यातले तारामासे उपटून समुद्रात भिरकावत राहिला. बस, एवढंच. शिंपल्यांना खाणारं कुणी उरलं नाही, शिंपल्यांनी खडक व्यापला, आणि १५ जातींच्या जागी ८ राहिल्या. एक काढला आणि बाकीच्यांना जागाच उरली नाही. 'कीस्टोन', म्हणजे जिच्यावर बाकीच्यांचा तोल असतो ती जात, हा शब्द त्यावरूनच १९६९ मध्ये आला. मला आमचं तेव्हाचं घर आठवलं. एकच माणूस गेला होता. मामा काही कुणाला खात नव्हता, दाखला चुकीचा आहे, तुझे सर काट मारतील. पण त्यानंतर आजीचं मौन एवढं पसरलं की बाकी कुणाला बोलायला जागा राहिली नाही. आजीजवळ हे बोलू नकोस.

आणि हे ऐक. जैवविविधतेच्या धड्यात २०११ चा अंदाज दिलाय, सुमारे ८७ लाख जाती, त्यातल्या तेव्हा १२ लाखांच्या आसपासच नोंदलेल्या. ते वाचून मी बाबांना म्हटलं, आपली पोरगी पाच वर्षांची असताना भिंतीवरच्या मुंग्यांना नावं देत होती, तिला पुष्कळ काम शिल्लक आहे. बाबा हसले आणि लगेच चष्मा पुसायला लागले. १९ चे पुढच्या वेळी कितीही होऊ देत. मला त्याची काळजी नाही. म्हणजे आहे, पण ती दुसऱ्या नंबरची.

पहिल्या नंबरची सांगून टाकते, म्हणजे तुझी सुटका होईल. रविवारी अमावास्या आहे. म्हणजे उधाण. तुमच्या सरांनी तो दिवस मुद्दाम निवडला असणार, पाणी सर्वांत लांब हटतं, खालचे खडक उघडे पडतात, एरवी न दिसणारे जीव दिसतात. कळलं मला. पण जेवढं लांब हटतं तेवढंच ते परतही येतं. भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा शनिवारची वेळ रविवारी धरून चालू नकोस. ओहोटी पूर्ण झाली की पाणी वळतं. त्या वेळी खालच्या पट्ट्यात चौकट टाकून बसू नकोस, वरच्या पट्ट्याचं काम तेव्हासाठी ठेव. हिरव्या ओल्या खडकावर पाय नको. लाटेकडे पाठ नको. मोजताना मान खाली असते ना, म्हणून कुणाला तरी उभं राहून पाण्याकडे बघायला सांग.

बाबा म्हणतात, हे सगळं त्यांच्या सूचनापत्रकात असेल. असू दे.

परत आलीस की बार्नॅकलचा एक फोटो पाठव. जवळून काढ, पाय बाहेर आलेले दिसले तर उत्तम. आणि फोटोत मागचं पाणी किती लांब आहे तेही येऊ दे.

तुझी,
आई