श्रीमंतीच्या सवयी आणि खणातली पाकिटं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत यशस्वी माणसांच्या सवयींवरचा लेख वाचला. पहाटे उठा, ध्येय कागदावर लिहा, श्रीमंतांसारखा विचार करा, २१ दिवसांत सवय अंगवळणी पडते आणि मग पैसा मागोमाग येतो, असा त्याचा एकूण सूर होता. लेखकाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण मी ३१ वर्षं पगारपत्रकं तयार केली. कुणाच्या हातात किती पडतं, कुणाची कपात कुठे जाते, कोण कितव्या तारखेला उचल मागायला येतं, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. तिथे जे पाहिलं ते या लेखाशी जुळत नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलं तर कापा, फक्त मधला व्याजाचा हिशेब तेवढा राहू द्या.

पहाटे उठण्याचंच घ्या. आमच्याकडे पहिल्या पाळीला येणारे सगळेच पहाटे उठत. निवृत्तीच्या वेळी त्यांतल्या काहींच्या गाठीला बऱ्यापैकी रक्कम होती, काही जण शेवटच्या महिन्यापर्यंत उचल घेत होते. कष्टाला कुणीच कमी नव्हतं. दोघे जण तर एकाच दिवशी, एकाच श्रेणीत रुजू झाले आणि एकाच वर्षी निवृत्त झाले. त्यातल्या एकाने पहिल्याच महिन्यात येऊन मला सांगितलं होतं, ‘ताई, पगाराचा दहावा हिस्सा परस्पर वेगळ्या खात्यात टाका, माझ्या हाती देऊच नका.’ दुसरा त्याच्यापेक्षाही जपून खर्च करणारा. पण त्याच्यावर दोन भावंडांचं शिक्षण होतं आणि वडिलांचं लांबलेलं आजारपण. जाताना पहिल्याकडे पुंजी होती, दुसऱ्याकडे नव्हती. या दुसऱ्या माणसाची मानसिकता गरिबीची होती, असं कुणी म्हणालं तर मला ते सहन होणार नाही.

तरीही मनाच्या ठेवणीचा पैशाशी संबंध नाही, असं मी म्हणत नाही. तो किती जवळचा आहे हे मला माझ्याच टेबलाच्या खणाने शिकवलं.

पतीचा व्यवसाय बसला त्या वर्षी आमच्या क्रेडिट कार्डावर मोठी बाकी चढली. त्यानंतर कार्डावर आम्ही एक पैशाचाही नवा खर्च केला नाही, पण बिलाचं पाकीट आलं की माझा हात थांबायचा. किमान देय रक्कम खात्यातून आपोआप वळती होत होती, त्यामुळे दंड नव्हता आणि तगादाही नव्हता. पाकीट न उघडता मी खणात टाकायची. कचेरीत पैशापैशाचा ताळा लावणारी मी घरी मात्र तो खण जराही ओढला की छातीत धस्स व्हायचं. असे चौदा महिने गेले.

एका रविवारी दुपारी कोणी घरात नसताना सगळी पाकिटं जमिनीवर मांडली. तारखेप्रमाणे लावली, एकेक कडेने फाडलं आणि जुन्या वहीत दोन रकाने आखले, भरलेले आणि उरलेले. व्याज दरमहा ३ टक्के होतं आणि किमान देय रक्कम बाकीच्या ५ टक्के. बेरीज केली तेव्हा दिसलं ते असं: सुरुवातीची बाकी १०० धरली, तर चौदा महिन्यांत मी ६३ भरले होते आणि तरी ७४ शिल्लक होते. ३७ नुसत्या व्याजात गेले होते.

यातली खरी मेख बघा. बाकी जसजशी कमी होते तसतशी किमान रक्कमही कमी होते. माणसाला वाटतं ओझं हलकं होतंय. प्रत्यक्षात फेडीचा वेग मंदावत असतो. त्याच वाटेने मी चालत राहिले असते, तर आणखी साडेसात वर्षांनीही त्या शंभरातले दहाएक माझ्या डोक्यावर असते. आणि काहीच न भरता सोडून दिलं असतं, तर दरमहा ३ टक्क्यांनी कर्ज २४ महिन्यांत दुप्पट होतं. हे गणित मला येत नव्हतं असं नाही. रोज इतरांसाठी मी तेच करत होते. आकडा डोळ्यांनी बघायचं धाडस तेवढं नव्हतं. पैशाच्या बाबतीत ‘मानसिकता’ म्हणतात ती मला त्या दुपारी कळली. आपल्या पैशाचा खरा आकडा, तो कितीही लाजिरवाणा असला तरी, समोर मांडून त्याच्याकडे बघता येणं.

दुसऱ्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. किमान रकमेऐवजी सुरुवातीच्या बाकीच्या शंभरामागे ८ असा कायम हप्ता बांधून घेतला. त्याच महिन्यात वेतनवाढ लागणार होती, ती हातात येण्याआधीच या हप्त्यात वळवली. अकराव्या महिन्यात खातं बंद झालं. आणि ठरवून टाकलं की कुठलंही पाकीट घरात आलं की पायातलं काढण्याआधी, उभ्यानेच उघडायचं. ‘नियमित बिलं बघीन’ असा निश्चय मी आधी कितीदा केला होता! त्याला वेळ नव्हती, जागा नव्हती, म्हणून तो टिकला नाही. दार, चप्पल आणि पाकीट यांची सांगड बसली तशी सवय टिकली. रात्री झोपण्याआधी वहीत तीन आकडे लिहिण्याची सवयही अशीच लागली: आलेले, गेलेले, उरलेले. वही उशाशी असते आणि पेन तिच्या दोऱ्याला बांधलेलं. पेन शोधायला उठावं लागलं की त्या रात्री लिहिणं राहतं, हा माझा अनुभव आहे.

आता ते २१ दिवस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी साधी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं म्हणजे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा खंड पडत नाही, असंही त्यांना दिसलं. मला वहीची सवय लागायला चार महिने लागले. बावीसाव्या दिवशी ‘आपल्यात निर्धारच नाही’ म्हणून मी वही ठेवून दिली असती, तर तो दोष माझा म्हणायचा की २१ दिवसांचं आश्वासन देणाऱ्याचा?

निर्धाराबद्दल आणखी एक. मुलांसमोर खाऊ ठेवून ‘थांबलास तर दोन मिळतील’ असं सांगायचा मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग अशा लेखांत हमखास येतो, तसा तुमच्या लेखातही आहे. थांबणारी मुलं पुढे यशस्वी झाली, एवढंच त्यात सांगितलं आहे. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा हा संबंध पूर्वीच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे बाबी हिशेबात घेतल्यावर त्यातलाही बराचसा विरला. सेलेस्ट किड यांचा प्रयोग तर माझ्या मनातून जात नाही. २८ मुलं होती. त्यांतल्या निम्म्यांना मोठ्या माणसाने चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं आणि आणले. बाकीच्यांना तेच सांगितलं आणि रिकाम्या हाताने परत येऊन ‘नाहीत रे’ म्हटलं. मग खाऊची कसोटी. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, दुसरी ३ मिनिटं.

हे वाचलं आणि मला आमच्या कचेरीतली दोन वर्षं आठवली. त्या काळात पगार कधी दहा दिवस, कधी वीस दिवस उशिरा व्हायचा, तारीख कुणीच सांगू शकत नसे. तेव्हा उचलीचे अर्ज वाढले, हे स्वाभाविकच. पण वर्षानुवर्षं शिस्तीत साठवणारी माणसंही येऊन कपात बंद करून गेली, ठेवी मोडून मोकळी झाली. पगार पुन्हा ठरल्या तारखेला सुरू झाल्यावरही उचलीचे अर्ज पूर्वपदावर यायला वर्ष गेलं. माणसं तीच होती. उद्यावरचा भरवसा गेला होता, तो परत यायला वेळ लागला. ज्याचा उद्याचा पैसा पक्का नाही त्याने आज हाताशी ठेवला, तर त्याला उधळ्या म्हणू नये.

ज्यांचा पगार वेळेवर होतो त्यांच्यासाठी मला एकच उपाय खात्रीने माहीत आहे, आणि त्यात मनाशी झगडावं लागत नाही. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी एका अमेरिकी कारखान्यात कामगारांना विचारलं: आज काहीच कापत नाही, पुढच्या प्रत्येक वेतनवाढीतला थोडा भाग बचतीत वळवू का? या योजनेत आलेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हे त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलं. मी ते निवृत्तीनंतर वाचलं, पण नोकरीत असताना माझ्यापुरता त्याचाच एक साधा प्रकार करून पाहिला होता. वरिष्ठांच्या परवानगीने वेतनवाढीच्या पत्राखाली एक ओळ घालत असे: ‘या वाढीतला काही भाग परस्पर दुसऱ्या खात्यात वळवायचा आहे का?’ आणि पुढे टक्का लिहायला चौकोन. हो म्हणणारे पुष्कळ निघाले. नंतर ते रद्द करायला आलेले मला फारसे आठवत नाहीत. जे हातात आलंच नाही ते गेल्याचं दुःख नसतं.

लवकर सुरुवात केल्याने काय होतं याचा आकडा पुरवणीत नव्हता, तोही देते. वर्षाला ८ टक्क्यांनी, दरमहा एक ठरावीक हप्ता ३० वर्षं भरला, तर ३६० हप्त्यांचे सुमारे १,४९० हप्त्यांएवढे होतात. दहा वर्षं उशिरा सुरुवात केली तर २४० हप्त्यांचे ५८९. म्हणजे १२० हप्ते चुकले आणि ९०० गेले. (महागाई यातून वजा करावी लागते, हे खरं. दोन्हीकडून करावी लागते.) पण हे गणित ज्याच्याकडे एक हप्ता मोकळा आहे त्याचंच. ज्याच्यावर ३ टक्के महिन्याचं कर्ज आहे त्याच्यासाठी तेच गणित उलटं फिरतं, आणि जास्त वेगाने फिरतं. त्याने आधी कर्ज फेडावं. यशाच्या लेखांत हा क्रम कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण उचल मागायला आलेली बरीच माणसं एका हाताने ठेवीत भरत होती आणि दुसऱ्या हाताने तिच्या चौपट व्याज देत होती.

आपल्याला विनंती एवढीच. पुरवणीत यशोगाथा छापताना त्या माणसावर किती जणांचा भार होता आणि कर्ज किती होतं, हेही विचारून छापावं. त्याच पानावर महिन्यातून एकदा चौकट देऊन एखादं बिल किंवा कर्जाचं पत्रक कसं वाचायचं ते दाखवावं: किमान देय रक्कम कुठे असते, व्याज कशावर लागतं, मुद्दल किती फिटलं. पहिल्या चौकटीसाठी साहित्य हवं असेल तर ती चौदा बिलं आणि त्या रविवारची वही मी जपून ठेवली आहे. नाव आणि खाते क्रमांक झाकून ती छापायला द्यायची माझी तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस