लाडवाचा हिशेब मिनिटांत मांडू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की बहुतेक मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत एक तक्ता हमखास येतो : एक लाडू म्हणजे इतकी मिनिटं चालणं, एक करंजी म्हणजे इतके जिने. हेतू चांगलाच असतो. पण आहार आणि व्यायाम या विषयांत काम करणाऱ्या आम्हा काही जणांचं अनुभवाअंती मत झालं आहे की, या तक्त्याने फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं. एक तर त्यातले आकडे बहुतेक वेळा चुकीचे असतात. शिवाय ते बरोबर असले तरी वाचणारा त्यातून भलताच निष्कर्ष काढतो.

बेसनाचा लाडू घेऊ. एक किलो बेसन, अर्धा किलो तूप आणि ८०० ग्रॅम पिठीसाखर हे घरोघरी चालणारं प्रमाण. बेसनाच्या साधारण ३,७००, तुपाच्या ४,५०० आणि साखरेच्या ३,२०० कॅलरी धरल्या तर एकूण ११,४०० होतात. मिश्रण भरतं २,३०० ग्रॅम. म्हणजे ४० ग्रॅमच्या एका लाडवात सुमारे २०० कॅलरी आल्या. त्यात १४ ग्रॅम साखर आणि ८-९ ग्रॅम तूप. आता ६५ किलो वजनाचा माणूस ताशी पाच किलोमीटर वेगाने तासभर चालला तर साधारण २२५ कॅलरी जळतात, म्हणून तक्त्यात लिहिलेलं असतं : एक लाडू, ५० मिनिटं. पण त्या २२५ मधल्या ६५ कॅलरी तो माणूस खुर्चीत बसून राहिला असता तरी जळल्याच असत्या. चालण्यामुळे जास्तीच्या जळतात त्या १६० च. खरा हिशेब मग सव्वा तासाचा होतो. जिन्यांचं तर विचारूच नका. एक मजला चढायला या माणसाला दोन-अडीच कॅलरी लागतात. एका लाडवासाठी ऐंशी-नव्वद मजले चढायचे आहेत का?

सकाळी सातला घर सोडून डोंबिवलीहून लोकलने फोर्टला जाणारा आणि रात्री नऊला परतणारा माणूस हा सव्वा तास कुठून आणणार? मग दोनपैकी एक होतं. ‘आता जमणारच नाही’ म्हणून तो दिवाळीपुरता व्यायाम सोडून देतो, किंवा भाऊबीज झाली की जिममध्ये जाऊन चार दिवसांत सगळं वसूल करायला बघतो. पहिल्यात महिना जातो, दुसऱ्यात गुडघा.

आमचं म्हणणं एवढंच आहे. खाण्याचा बंदोबस्त स्वयंपाकघरात आणि ताटात करावा. व्यायाम सणात कमी करावा, पण थांबवू नये. एकाचं कर्ज दुसऱ्याने फेडायला जाऊ नये.

आधी स्वयंपाकघर. चार माणसांच्या घरात वसुबारस ते भाऊबीज या दिवसांत माणशी रोज एक लाडू धरला तरी चोवीस लाडू लागतात. एक किलो बेसनाचे होतात सत्तावन्न. पाहुण्यांना आणि शेजारी ताट द्यायला दहा-बारा गेले तरी वीस उरतात, त्यात चार घरांतून आलेल्या ताटांतले पंधरा-वीस मिसळतात. खरं वजन वाढतं ते इथे. सणाच्या दिवसांत नाही, त्यानंतरच्या तीन आठवड्यांत. तुळशीचं लग्न लागून गेलं तरी डबे उघडे असतात आणि संध्याकाळच्या चहाबरोबर ‘संपवायचा आहे’ म्हणून एक लाडू जातो. दोनशे कॅलरी गुणिले वीस दिवस म्हणजे चार हजार. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, तेव्हा नुसत्या उरलेल्या लाडवांनी अर्धा किलो चरबी चढते. चिवडा आणि शंकरपाळे यात धरलेलेच नाहीत. म्हणून अर्धा किलो बेसनाचेच लाडू करा. अठ्ठावीस होतात आणि पुरतात.

लाडू वळताना आकाराकडे लक्ष द्यावं. चार सेंटीमीटर व्यासाचा लाडू साधारण ४० ग्रॅमचा असतो. पाच सेंटीमीटरचा डोळ्यांना किंचितच मोठा दिसतो, पण त्याचं वजन जवळजवळ दुप्पट भरतं. ‘मी एकच खाल्ला’ हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. पहिला लाडू वजनकाट्यावर ठेवून घ्या आणि तो समोर ठेवून बाकीचे वळा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सुचवते. चाळीस ग्रॅमचे दोन लाडू खाल्ले की ती मर्यादा ओलांडली, चहातली साखर वेगळी.

तळणीत तेल किती मुरतं हे बरंचसं हातात असतं. कढई पुरती तापायच्या आत चकल्या सोडल्या, किंवा एका घाण्यात जागेपेक्षा जास्त सोडल्या, की तेलाचं तापमान उतरतं. वरचा पापुद्रा लवकर धरत नाही आणि चकली तेल पिते. मोहन जास्त झालं तरी तेच. चकली तेलात विरघळायला लागते, कागदावर ठेवली की कागद पारदर्शक होतो. तेल १७०-१८० अंशांवर असावं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा छोटा गोळा टाकून बघा. तो तळाशी न बसता लगेच बुडबुड्यांसह वर आला पाहिजे, पण आल्या आल्या काळपट पडता कामा नये.

‘भाजका’ चिवडा आणि ‘बेक केलेली’ करंजी यांबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. अर्धा किलो पातळ पोहे, २०० ग्रॅम शेंगदाणे, १०० ग्रॅम डाळं, ५० ग्रॅम खोबरं आणि १०० ग्रॅम तेलाची फोडणी या न तळलेल्या चिवड्यातही १०० ग्रॅमला ४७० च्या आसपास कॅलरी असतात. तळलेल्यापेक्षा कमी, पण हलका मुळीच नाही. ‘हलका’ म्हणून दोन वाट्या खाल्ल्या तर उलट जास्तच होतं. बेक केलेल्या करंजीतही सारण तेच आणि पारीतलं मोहनही तेच. गूळ घालून केलेले पदार्थ ‘साखर नाही’ म्हणून मधुमेहींना आग्रहाने वाढले जातात. गूळ आणि साखर यांच्या कॅलरीत नगण्य फरक आहे आणि रक्तातली साखर दोन्हींनी वाढते.

आता ताट. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर जो फराळ होतो त्यात एक लाडू, एक चकली आणि ३० ग्रॅम चिवडा घेतला तर साडेचारशे कॅलरी होतात. ही पोटभर न्याहारी झाली. अडचण येते ती यानंतर नऊ वाजता पुन्हा पोहे-उपमा होतो म्हणून. फराळ हीच न्याहारी समजावी, वर न्याहारी नको. फराळाबरोबर वाटीभर दही घेतलं तर पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. फराळात प्रथिनं आणि चोथा कमी असतो, म्हणून दुपारी मटकीची किंवा मुगाची उसळ, कोशिंबीर, भाकरी, ताक असं साधं जेवण ठेवावं. भेटीगाठींना पाच घरी जायचं असेल तर प्रत्येक घरी एकच पदार्थ उचलावा आणि चहा बिनसाखरेचा मागावा. बशीतलं सगळं संपवलं नाही तर अपमान होतो ही समजूत यजमानांनीच आधी सोडली पाहिजे. आग्रह करायचा तो बसण्याचा करावा. ऑफिसात आलेले मिठाईचे खोके टेबलावर उघडे ठेवू नयेत. नजरेसमोर असलेलं भूक नसतानाही खाल्लं जातं.

व्यायामाचं गणित खाण्यापेक्षा सोपं आहे, आणि बहुतेकांना ते माहीत नसतं. कमावलेली ताकद टिकवायला ती कमावताना लागली तेवढी मेहनत लागत नाही. आठवड्यातून एकदाच, पण जोर तोच ठेवून स्नायूंचा व्यायाम केला तरी ताकद कित्येक आठवडे टिकते. दमसास टिकवायला आठवड्यातून दोन वेळा जरा नेटाने घाम गाळला तरी पुरतो. उलट सगळंच सोडलं तर दोन आठवड्यांत दम कमी व्हायला लागतो. म्हणून धनत्रयोदशीला वीस मिनिटं आणि पाडव्याला वीस मिनिटं एवढा स्नायूंचा व्यायाम पुरे. त्याला जिम लागत नाही.

साधारण ४५ सेंटीमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यासमोर उभं राहून तीन अंक मोजत खाली बसा, बूड टेकताक्षणी उठा. असं दहा वेळा. गुडघे आत वळू देऊ नका, ते पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले पाहिजेत. धपकन बसलं तर व्यायाम होत नाही, कंबरेला हिसका मात्र बसतो. मग ओट्याच्या कडेवर हात खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवून जोर काढा, आठ ते दहा. टाचांपासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवा, पोट खाली लोंबू देऊ नका. त्यानंतर पाच किलो तांदळाची पिशवी एका हातात घ्या, दुसरा हात खुर्चीवर टेका, पाठ सपाट ठेवा आणि पिशवी कमरेपर्यंत ओढा, प्रत्येक बाजूला दहा. शेवटी जिन्याच्या पायरीवर कठडा धरून टाचा उचला, पंधरा. हा एक फेरा झाला, असे दोन किंवा तीन करा. शेवटच्या दोन-तीन आवृत्त्या जड गेल्या पाहिजेत, सहज होत असतील तर पिशवीत वजन वाढवा. जोर लावताना श्वास सोडा. तो रोखून धरला की रक्तदाब एकदम चढतो. अभ्यंगाचं तेल तळव्यांना असताना फरशीवर यातलं काहीही करू नका. सणाच्या सकाळी घसरून पडणं सहज टाळता येतं.

रोजचं चालणं दोन तुकड्यांत करा : दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर बारा-बारा मिनिटं. जेवल्यावर रक्तातली साखर तासा-दीड तासाच्या सुमाराला सर्वांत वर जाते. त्याआधी पाय चालू असले की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता ती साखर ओढून घेतात आणि चढ बुटका राहतो. एका रात्रीच्या तासभर चालण्यापेक्षा या कामाला ही बारा मिनिटं अधिक उपयोगी पडतात. सहा दिवसांचे मिळून १४४ मिनिटं होतात. आठवड्याला किमान १५० मिनिटं हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक इथेच जवळजवळ पुरा झाला. सलग दहा मिनिटं चाललं तरच धरायचं ही जुनी अटही २०२० च्या मार्गदर्शनात काढून टाकलेली आहे. स्टेशनचा पूल, एक थांबा आधी उतरून चाललेलं अंतर, सगळं धरलं जातं. मात्र वेग हवा, मिनिटाला सुमारे शंभर पावलं. बोलता यावं, गाता येऊ नये. नवे चपला-बूट घालून मात्र चालायला निघू नका, पहिल्या दिवशी फोड आला की पुढचे चार दिवस गेले.

वेळेचाही प्रश्न आहे. पहाटेचं चालणं उत्तम हे आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे, पण दिवाळीत ते उलटं होतं. पाऊस परतल्यावर वारा पडतो, पहाटेच्या गार हवेत फटाक्यांचा धूर जमिनीलगत अडकून राहतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या मारणारे लोक तो धूर नेहमीच्या कितीतरी पट छातीत भरून घेतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (AQI) बघा. शंभरच्या आत असेल तर खुशाल बाहेर जा. १०१ ते २०० असेल तर दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी घरात चालावं. २०० च्या वर सगळ्यांनीच. ऊन वर आल्यावर हवा हलते, तेव्हा बरं असतं. तोंडाला बांधलेल्या रुमालाने धुरातले सूक्ष्म कण अडत नाहीत.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ‘आज फराळ झालाय’ म्हणून मनाने डोस वाढवू नये आणि मग त्याच भरात लांब चालायला जाऊ नये. हातपाय थरथरले, घाम फुटला तर थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. खिशात साखरेची पुडी असावीच. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपू नये, लगेच रुग्णालय गाठावं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर दीड-दोन किलो जास्त दिसतात आणि माणसं हबकतात. त्यातलं बरंचसं पाणी असतं. स्नायूंत आणि यकृतात साठणारी प्रत्येक ग्रॅम साखर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते, त्यात चकली-चिवड्याचं मीठ. आठवडाभर नेहमीचं जेवण सुरू ठेवा आणि मग सकाळी शौचानंतर वजन करा. तो आकडा खरा. या घबराटीत सुरू केलेला लिंबू-मधाचा उपास आणि पहिल्याच दिवशी मारलेल्या शंभर बैठका दोन्ही घातक. न सरावलेल्या स्नायूंची कळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. लघवी चहासारखी काळपट झाली तर स्नायू फुटू लागले आहेत असं समजून डॉक्टरकडे जावं. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्म्यापासून सुरुवात करा.

महोदय, आपल्याकडे दोन विनंत्या. पुरवणीत फराळाच्या पाककृती छापताना शेवटी ‘साधारण वीस नग’ एवढंच न लिहिता एका नगाचं वजन ग्रॅममध्ये छापावं. आणि वसुबारस ते भाऊबीज पहिल्या पानावर हवामानाच्या शेजारी आदल्या संध्याकाळचा हवेचा निर्देशांक द्यावा. मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर या चार शहरांचा दिला तरी पहाटे बूट घालणाऱ्या पुष्कळ वाचकांना, बाहेर पडावं की खुर्चीसमोर उभं राहावं, हे चहा पितापिता ठरवता येईल.

आपले,
काही आहारतज्ज्ञ व व्यायाममार्गदर्शक, ठाणे