सूचना : उशीखालचं पुस्तक आणि रात्रीची जाग्रणं

अभ्यासिकेच्या सर्व सभासदांना नमस्कार.

उशीखाली पुस्तक ठेवून झोपलं की वाचलेलं डोक्यात उतरतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. उशीतून काही उतरत नाही, पण त्यातला झोपेवरचा भरवसा मात्र खरा आहे. १९२४ साली जेन्किन्स आणि डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली. पाठांतरानंतर ते झोपले, तेव्हा जागं राहण्यापेक्षा जास्त आठवलं. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पुन्हा घोळवतो, पक्कं करतो.

झोपेत रेकॉर्डिंग लावून धडा पाठ होतो, ही समजूत मात्र सोडून द्या. नवा धडा गाढ झोपेत पाठ होत नाही, उलट कानाशी आवाज चालू राहिला की झोपच मोडते. झोपण्याआधी उजळणी करायची जुनी सवय चांगली, ती ठेवा.

परवा रात्री दीड वाजता शेवटच्या टेबलावर एक मुलगा मान टाकून झोपला होता. पेनाची रेघ वहीभर घसरत गेलेली, आणि त्याआधी एकच व्याख्या सलग तीनदा लिहिलेली. पाहून फार वाईट वाटलं. या वयात आठ ते दहा तास झोप लागते हो!

म्हणून उद्यापासून परीक्षा संपेपर्यंत अभ्यासिका रात्री साडेदहाला बंद होईल. सकाळी साडेपाचला उघडेल. पुस्तकं घरी न्यायची असतील त्यांनी दहाच्या आत रजिस्टरमध्ये नोंद करावी.

– व्यवस्थापक