कॅराबिनरचे आकडे आणि उघडं राहिलेलं लॉक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रस्तरारोहणाच्या साहित्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. हार्नेस आणि दोर यांच्याविषयीचा भाग चांगला उतरला आहे. लॉक कॅराबिनरची, म्हणजे दोर आणि हार्नेस (कमरेचा पट्टा) जोडणाऱ्या, लॉक लागणाऱ्या धातूच्या कडीची मात्र एका वाक्यात बोळवण झाली आहे: 'लॉक असलेला, जास्तीत जास्त किलोन्यूटनचा कॅराबिनर घ्यावा.' मी नवोदितांना प्रस्तरारोहण शिकवतो आणि शिकायला येणाऱ्यांच्या डोक्यात हेच वाक्य आधीपासून बसलेलं असतं. त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

आधी आकड्यांचं बघू. कॅराबिनरच्या पाठीवर, म्हणजे गेटच्या (उघडझाप होणाऱ्या बाजूच्या) समोरच्या सलग दांड्यावर, तीन आकडे कोरलेले असतात. पहिला लांबीच्या दिशेनं आणि गेट बंद असतानाची ताकद सांगतो, दुसरा आडव्या दिशेची आणि तिसरा लांबीच्याच दिशेची, पण गेट उघडं असताना. ईएन १२२७५ या युरोपीय मानकानुसार साध्या कॅराबिनरला हे आकडे किमान २०, ७ आणि ७ किलोन्यूटन हवेत. बिलेसाठीच्या, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळण्यासाठीच्या, रुंद, पिअरच्या (नासपतीच्या) आकाराच्या कॅराबिनरवर वर्तुळात 'एच' असतो. त्याला २०, ७ आणि ६ चालतात. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलोचा भार. तेव्हा वीस म्हणजे दोन टन झाले. सिंगल रोपच्या (एकेरी वापरायच्या दोराच्या) प्रमाणित चाचणीत ८० किलोचं वजन पाडल्यावर त्या वजनाला बसणारा झटका १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये, आणि ती चाचणी मुद्दाम फार कडक ठेवलेली आहे. नेहमीच्या पडण्यात झटका याहून बराच कमी असतो. बिले देणाऱ्याच्या कमरेच्या कॅराबिनरवर तर दोर ज्यातून वळतो त्या वरच्या कॅराबिनरपेक्षाही कमी भार येतो, कारण मधल्या घर्षणात बराच जिरून जातो.

म्हणून २२ चा घ्यावा की २५ चा, यावर दुकानात काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. कोरलेल्या ओळीत बघायचं ते वीस आणि सातमधलं अंतर. ती घसरण धातूच्या दोषानं होत नाही, वापरणाऱ्यामुळे होते. भार आडवा आला किंवा गेट उघडं राहिलं की पंचविसाचा महागडा कॅराबिनरही एका क्षणात सात-आठचा होतो.

आता त्याच लेखासोबतचं छायाचित्र पाहा. बिले देणाऱ्या मुलीच्या कॅराबिनरवर, स्लीव्हच्या (गेटवरच्या, लॉक लावायच्या नळीच्या) खाली, एक लाल पट्टी स्वच्छ दिसते. काही कॅराबिनरवर ही पट्टी अशी रंगवलेली असते की स्क्रू, म्हणजे आट्यांची स्लीव्ह, पूर्ण बसला की झाकली जाते आणि उघडा असला की दिसते. म्हणजे तिचा जोडीदार वर चढतो आहे आणि खाली लॉक उघडं आहे. छायाचित्र काढणाऱ्याच्या ते लक्षात आलं नाही, हे समजू शकतो. पण चढणाऱ्यानं पाय उचलण्याआधी तिच्या कॅराबिनरकडे पाहिलं नाही, हे खटकतं. दाराला कडी आहे म्हणजे ती लावलेली आहे, असं होत नाही.

तपासणी डोळ्यांवर सोडू नये. गेट दोन बोटांत धरून आत दाबायचं. ते हललं तर लॉक लागलेलं नाही. स्क्रूच्या कॅराबिनरला हे लागू आहेच, पण आपोआप लॉक होणाऱ्याला जास्त लागू आहे, कारण तिथे माणूस निर्धास्त असतो. 'टक' असा आवाज आला की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात स्लिंगची (पट्टीच्या लूपची) कड, टी-शर्टचं टोक किंवा हार्नेसचा लूप गेटच्या तोंडाशी अडकलेला असतो आणि स्लीव्ह अर्ध्यावर थांबलेली असते. वाळू किंवा चिखल आत गेला तरी तेच होतं. गेट दाबून पाहणं ही एका सेकंदाची गोष्ट आहे, आणि आपलं झाल्यावर समोरच्याचंही दाबून पाहावं. यात कोणी मानापमान मानू नये.

स्क्रू की ऑटोलॉक, हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो. माझं मत असं की पहिला कॅराबिनर स्क्रूचाच घ्यावा. तो स्वस्त आणि हलका असतो, एका हातानं क्लोव्ह हिच ही गाठ मारताना गेट मध्येच लॉक होऊन बसत नाही, आणि मुख्य म्हणजे लॉक करणं ही आपली जबाबदारी आहे हे हाताला कळतं. पण हेही मान्य करतो की ज्यांना नुसतीच घाई असते, त्यांना ही सवय कधीच लागत नाही. गट घेऊन जाताना किंवा स्वतःला अँकरला (खडकातल्या पक्क्या आधाराला) बांधून तासन्‌तास उभं राहायचं असेल तेव्हा मीही तीन क्रियांचा ऑटोलॉक वापरतो: आधी स्लीव्ह वर ढकलायची, मग फिरवायची, मग गेट आत दाबायचं. माझा अविश्वास आहे तो दोन क्रियांच्या, नुसत्या फिरवून उघडणाऱ्या कॅराबिनरवर. त्याच्या स्लीव्हवरून दोर घासत गेला तर दोरच तिला फिरवतो आणि गेट उघडू शकतो. मंटर हिचवर (कॅराबिनरवर दोर गुंडाळून मारलेल्या गाठीवर) बिले देताना हे हमखास विसरलं जातं. हातातला ब्रेकचा (पडणं थांबवायला धरलेला) दोर नेहमी पाठीच्या बाजूला ठेवावा, गेटच्या बाजूला नाही.

स्क्रूच्या बाबतीतही दिशा महत्त्वाची आहे. कॅराबिनर असा लावावा की स्क्रू खाली फिरवला की लॉक होईल. दोराच्या हालचालीनं तो सैल पडू लागला तरी वजनानं खालीच, म्हणजे लॉकच्या दिशेनं जातो. उलटा लावलेला स्क्रू त्याच हालचालीनं हळूहळू उघडत जातो. स्क्रू बोटांनी बसेल इतकाच आवळावा. भार असताना जोर लावून आवळला तर भार निघाल्यावर तो रुतून बसतो. मग पक्कड शोधत बसू नका. कॅराबिनरवर पुन्हा वजन द्या आणि वजन असतानाच स्क्रू सोडा, बहुतेक वेळा सुटतो.

आकाराविषयी लेखात काहीच नाही, त्याचं आश्चर्य वाटलं. बिले आणि मंटर हिचसाठी रुंद तोंडाचा पिअर शेप घ्यावा. अँकरवर एका बोल्टला लावायला डी शेप बरा, कारण त्यात भार पाठीकडे सरकतो आणि पाठ हाच कॅराबिनरचा सर्वांत मजबूत भाग आहे. पुलीसाठी अंडाकृती बरा, कारण पुली त्यात मध्यावर राहते. पण त्यात भार पाठ आणि गेट या दोन्हींवर वाटला जातो, म्हणून मानक त्याला १८ किलोन्यूटनवर सोडतं. पिअर शेपची रुंदी सोयीची असते, पण धोका तिच्यातच आहे. त्याची चाचणी गोल दांड्यांवर, भार पाठीजवळ ठेवून होते. आपण त्यात रुंद पट्टीचा स्लिंग, त्यावर दुसरा स्लिंग, त्यावर दोराची गाठ असं कोंबत जातो. भार पाठीपासून गेटकडे सरकतो आणि कोरलेला आकडा त्या वेळी खरा राहत नाही. दोन स्लिंग रुंद कोनात दोन बाजूंना आणि वजन तिसऱ्या बाजूला, अशी तिहेरी ओढ तर कोणत्याही कॅराबिनरवर देऊ नये. स्लिंगमध्ये गाठ मारून एकच लूप करावा आणि कॅराबिनर त्या लूपमध्ये लावावा.

आडवा भार बहुतेक वेळा बिले देताना येतो. दोर सैल-ताठ होत राहतो, तसा कमरेचा कॅराबिनर लूपवर गोल फिरतो. नजर वर असते, त्यामुळे ते कळत नाही. मग जोडीदार पडतो तेव्हा भार थेट गेटवर येतो. यासाठी आत छोटी तारेची पकड किंवा प्लास्टिकची क्लिप असलेले कॅराबिनर मिळतात. ते लूपला एका टोकाला धरून ठेवतात. बिलेसाठी जास्तीचे पैसे खर्चायचेच असतील तर ते इथे खर्चावेत, दोन-तीन किलोन्यूटन वाढवण्यावर नव्हे.

खडकाच्या कडेवर टेकलेल्या कॅराबिनरचे तर तिन्ही आकडे बाद समजावेत. लांबी बरोबर, लॉक बरोबर, आणि तरी अर्धा कॅराबिनर कडेच्या खाली लोंबतोय, अर्धा वर टेकलाय. चाचणीत त्याला असं कधीच वाकवलेलं नसतं. शिवाय स्लीव्ह खडकावर घासून फिरते ती वेगळीच. लांब स्लिंग लावून कॅराबिनर कडेच्या पूर्ण खाली मोकळा लटकेल असं करावं.

लॉक सगळीकडे हवं असंही नाही. चढताना मध्ये मध्ये लावलेल्या क्विकड्रॉला (दोन टोकांना कॅराबिनर असलेल्या छोट्या पट्टीला) साधे कॅराबिनर पुरतात, कारण एक निसटला तरी खालचा असतो. जिथे एकच कॅराबिनर आहे आणि तो गेला की माणूस गेला, तिथे लॉक: बिले, रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं), स्वतःचा अँकर, अँकरचा मुख्य लूप. लॉक कॅराबिनर कमी पडला तर दोन साधे कॅराबिनर गेटं समोरासमोरच्या बाजूंना आणि उघडण्याच्या दिशा उलट ठेवून लावावेत. काही जण सरसकट सगळीकडे लॉक लावतात आणि मग इतकी लॉकं होतात की एकही नीट तपासलं जात नाही.

आणखी एक गोष्ट दुकानातच पाहावी. गेट जिथे बसतं त्या नाकाला खाच किंवा हुक असेल तर स्लिंग काढताना तो हटकून अडकतो. गुळगुळीत नाकाचा घेतलेला बरा. हातमोजे घालून गेट उघडता येतं का, तेही तिथेच पाहा.

देखभालीवर लेखात 'वेळोवेळी तेल द्यावे' असं म्हटलं आहे. साधं तेल धूळ धरून ठेवतं आणि स्लीव्ह जास्तच जड होते. कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवावा, गेट आणि स्लीव्ह पाण्यातच उघडबंद करावी, सावलीत वाळवावा, मग बिजागरीला ग्राफाइटसारखं कोरडं वंगण द्यावं आणि जास्तीचं पुसून घ्यावं. समुद्राजवळ वापरला तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवावा. स्वतःची खूण म्हणून पाठीवर अक्षरं ठोकू नयेत. रंगीत चिकटपट्टी पुरते.

सतत दोर जाऊन जाऊन ॲल्युमिनियमच्या कॅराबिनरला खाच पडते. खाचेवरून नख फिरवून बघा. कड धारदार लागली तर पुढे तीच दोराचं कवच कापते. वरून दोर लावून दिवसभर माणसं उतरवायची असतील तर तिथे स्टीलचाच कॅराबिनर लावावा. उंच कड्यावरून खाली पडलेला, वाकलेला, किंवा धुऊन-वंगण देऊनही ज्याचं गेट अर्ध्यावरून सोडल्यावर आपोआप पूर्ण बंद होत नाही, तो बाद करावा. आणि बाद केलेला कॅराबिनर नुसता कचऱ्यात टाकू नये. हॅकसॉने कापून टाकावा. नाहीतर चांगला दिसतो म्हणून कोणीतरी तो उचलतं आणि पुन्हा हार्नेसला अडकवतं.

कळावे,
आपला,
एक वाचक आणि प्रस्तरारोहण प्रशिक्षक